दादाचा डावा कान

आमच्या दादाशी बोलायचं तर त्याच्या उजवीकडे बसावं लागतं. घरात सगळ्यांना हे इतकं अंगवळणी पडलंय की पंगतीतसुद्धा आम्ही आपोआप तशीच पानं घेतो. विरार लोकलमध्येही तो अशीच जागा शोधतो. (विरार लोकलमध्ये मुळात जागा मिळणं हाच चमत्कार, ते सोडा!)

१९८४ ची मे महिन्याची सुट्टी. विरारच्या आमच्या चाळीत एकेका पोराचे गाल फुगायला लागले. आधी शेजारचा, मग मी, मग दादा. आजीने हळदीचे लेप लावले. आम्ही एकमेकांची तोंडं बघून हसायचो आणि हसलं की जबडा ठणकायचा. आठवड्याभरात गाल उतरले. गालगुंडच ते, त्याचं काय एवढं?

काही दिवसांनी दादा उजव्या कुशीवर झोपून बाबांचा ट्रान्झिस्टर ऐकत होता. म्हणाला, "बाबा, सेल संपले." मला तर शेजारी गाणं स्पष्ट ऐकू येत होतं.

डाव्या कानाची नस गेली होती, कायमची. असं फार थोड्यांना होतं म्हणे. कुणाच्या मेंदूच्या आवरणाला सूज येते, वयात आलेल्या मुलांच्या अंडकोषाला येते. बहुतेकांना मात्र काहीच होत नाही, म्हणून तर आपण हसतो.

गंमत म्हणजे तेव्हा लस होती! १९६३ साली अमेरिकेत मॉरिस हिलमन यांच्या मुलीला गालगुंड झालं, त्यांनी तिच्याच घशातल्या विषाणूपासून लस बनवली आणि १९६७ साली तिला परवानगीही मिळाली. आमच्या चाळीपर्यंत ती काही पोचली नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमची भाची. गेल्या महिन्यात पंधरा महिन्यांच्या लेकाला घेऊन आली. दादाने लसीचं कार्ड मागितलं आणि विचारलं, "गालगुंडाची दिलीस?"

"नवव्या महिन्यात गोवराची दिली की, मामा. त्यातच असेल."

नव्हती. सरकारी केंद्रात मिळते ती एमआर, म्हणजे गोवर आणि रुबेला. ती नवव्या महिन्यात आणि मग सोळा ते चोवीस महिन्यांत देतात. गालगुंडाची हवी तर एमएमआर घ्यावी लागते, बहुधा खासगी दवाखान्यात, पैसे मोजून. पुण्याच्या सीरममध्येही ती बनते! बालरोगतज्ज्ञांची संघटना तिचे तीन डोस सांगते: नववा महिना, पंधरावा महिना आणि चार ते सहा वर्षांच्या दरम्यान.

म्हणजे कार्डावरचे सगळे रकाने भरले तरी गालगुंड बाहेरच. सरकारी लस चुकवू नकाच, गोवर फार वाईट. पण कार्ड काढून एवढं एक बघा, आणि वेळ टळून गेली असली तरी डॉक्टरांना विचारा.

दुसऱ्या दिवशी बाळाला एमएमआर दिली. पुढच्या डोसांचं डॉक्टरांनी कार्डावरच लिहून दिलं. घरी आल्यावर भाची म्हणाली, "मामा, थँक्यू हं."

दादाने लक्षच दिलं नाही. ती डावीकडे बसली होती.