मर्यादाबाई, आधी सांगत जा

ब्रह्माघाट, वाराणसी
कार्तिक वद्य पंचमी

आदरणीय मर्यादाबाई यांस,



इकडे सर्व क्षेम. देवदिवाळी पार पडली. गंगेचं पाणी उतरून खालच्या पायऱ्या मोकळ्या झाल्या आहेत आणि दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या गल्ल्यांत पुन्हा मराठी ऐकू येऊ लागलं आहे. थंडी सुरू झाली की आपल्याकडची माणसं त्रिस्थळीला निघतात : काशी, प्रयाग, गया. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची उतरायची सोय असते. ती आली की त्यांच्यामागोमाग तुम्हीही येता. म्हणून हे पत्र तुम्हाला.

हातात बँकेचं कार्ड नसताना कुणी पैसे काढायला किंवा पाठवायला गेलं की तुमची गाठ पडते. इतकी वर्षं पाहते आहे, पण तुमचं रूप दर दारात निराळं. जनसेवा केंद्रात आधार क्रमांक आणि अंगठा देऊन पैसे काढायचे तर एका वेळी 10,000 रुपये, त्यापुढे नाही. एटीएमच्या पडद्यावरचा क्यूआर मोबाइलने टिपून यूपीआयमधून रोकड काढायची तर एका खेपेला फार तर 10,000. काही बँका मात्र 5,000 वरच अडवतात. ही सोय 2022 साली रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना खुली केली, तेव्हा मला फार आनंद झाला होता. काढलेली रोकड दिवसाच्या यूपीआय मर्यादेतच मोजली जाते, हे मात्र पुष्कळांना अजून ठाऊक नाही. आणि तोच मोबाइल एका खात्यातून दुसऱ्या खात्यात दिवसाला एक लाख बिनतक्रार पाठवतो. माणसं इथेच गोंधळतात. फोनवर लाख जातात, मग यंत्रातून वीस हजार का निघू नयेत, असं मला दर हंगामात कुणी ना कुणी विचारतंच.

आता गाऱ्हाणं सांगते. राग मानू नका.

परवा पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावचे काका-काकू आले. उसाचं रान, दोन म्हशी, आयुष्यात पहिल्यांदा गंगा. मणिकर्णिकेसमोर नावेतून फोटो काढताना काकांच्या हातून मोबाइल निसटला. एटीएम कार्ड मोबाइलच्या कव्हरमागच्या खिशात होतं, हल्ली बहुतेकांचं तिथेच असतं. दोन्ही एकदमच गंगार्पण झालं. काकांचं खातं त्यांच्या जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेत आणि थोडी पुंजी गावच्या पतसंस्थेत. राष्ट्रीयीकृत बँकेचा खातेदार असता तर पासबुक नि ओळखपत्र घेऊन त्याच बँकेच्या इथल्या शाखेत गेला असता. परगावच्या खातेदारासाठी तिथेही तुम्ही आहातच, पण निदान बोलायला माणूस असतो. जिल्हा बँकेची शाखा जिल्ह्याबाहेर नसते, ती काशीत कुठून असणार? पतसंस्थेचं तर नावही इथल्या यंत्रांना माहीत नाही. ऊस, दूध, सोसायटीचं कर्ज हे सगळं ज्या बँकेतून होतं, ती बँक गावाबाहेर पडलं की माणसासोबत येत नाही. यात्रेला निघताना हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

नवा फोन घेतला, त्याच नंबरचं नवं सिम काढलं. सिम बदललं की पहिले चोवीस तास एसएमएस बंद असतात, आणि एसएमएस गेल्याशिवाय नव्या फोनवर यूपीआय सुरू होत नाही. सुरू झालं तरी पुढचे चोवीस तास 5,000 च्या वर काही पाठवता येत नाही. गयेची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळची ठरलेली. तेव्हा उरला अंगठा.

जनसेवा केंद्रातल्या मुलाने ठसे घेण्याची डबी पुढे सरकवली. काकांनी अंगठा ठेवला. जुळेना. पुन्हा ठेवला, जुळेना. खुरपं नि कोयता धरून धरून बोटांवरच्या रेषा पुसट झालेल्या. मुलगा भला होता. त्याने ओल्या फडक्याने बोट पुसून दिलं, मग “चाचा, ज़रा माथे पर रगड़िए” म्हणाला. काकांनी बोट कपाळावर घासलं, कातडीला जरा तेल आलं, तरी नाही. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट जुळलं आणि दहा हजार हातात पडले. गाडी, गयेचे विधी आणि परतीचा खर्च धरून लागणार होते अठरा हजार. मुलाने पुन्हा प्रयत्न केला, तेव्हा पडद्यावर तुम्ही उगवलात : त्या खात्याची आजची मर्यादा संपली. एका दिवसात अंगठ्याने किती वेळा काढता येईल हे ज्याची त्याची बँक ठरवते. काकांच्या बँकेत एकदाच, हे काकांना तिथे उभं असताना कळलं.

“माझंच पैसं न्हवं?” काकांनी मला विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, संकोच होता. परक्या गावी चार माणसांदेखत आपल्याला कुणीतरी नाही म्हटल्याचा. मला वाईट वाटलं ते त्याचं.

शेवटी गावाहून पुतण्याने माझ्या फोनवर पैसे पाठवले, मी चौकातल्या एटीएमवर जाऊन क्यूआरने आठ हजार काढून दिले आणि मंडळी ठरल्या वेळी गयेला गेली. सगळं मिळून पंधरा मिनिटांचं काम. हे सकाळी कळलं असतं तर म्हाताऱ्याचा अख्खा दिवस सिमच्या दुकानात आणि केंद्राच्या रांगेत गेला नसता. तुमचा आकडा बाहेर कुठेही लिहिलेला नव्हता.

तुमचे उपकार मी विसरलेले नाही. अंगठ्याच्या व्यवहाराला ना पिन लागतो, ना ओटीपी. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि ठसा, एवढ्यावर पैसे निघतात. जमीन-घराच्या नोंदणीच्या कागदांवरचे ठसे उचलून सिलिकॉनचे अंगठे बनवले आणि लोकांची खाती रिकामी केली, अशी प्रकरणं अनेक राज्यांत पोलिसांनी पकडली. तिथे तुम्ही नसतात तर एका फटक्यात सगळं गेलं असतं. सिम बदलल्यावरचे ते चोवीस तासही अशासाठीच, की दुसऱ्याच्या नावाने सिम काढून खातं उपसणाऱ्या चोराच्या आधी मूळ मालकाला सुगावा लागावा. म्हणून तुम्हाला हटवा म्हणणाऱ्यांत मी नाही. आमच्याकडे उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना मी आवर्जून सांगते, की एरवी आधारच्या ॲपमधून ठसे कुलूपबंद करून ठेवा, लागतील तेव्हाच उघडा. आणि फसवणूक झालीच तर लाजत बसू नका, 1930 ला लगेच फोन करा. खात्यातून रक्कम वजा झाली आणि हातात आलीच नाही, तर बँकेने पाच दिवसांत ती परत जमा करायची असते आणि उशीर झाला तर दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची असते, हा 2019 चा नियमही मी त्यांना सांगते. तो ऐकून माणसांच्या जिवात जीव येतो.

तुमच्या-माझ्या ओळखीआधीचं, घरात ऐकलेलं आणि वाचलेलंही पुष्कळ आहे. वरसईच्या गोडसे भटजींचंच घ्या. 1857 साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेत आले आणि ऐन बंडात सापडले. मिळवलेलं कमरेला बांधून हिंडायचं आणि झाशीत लूट झाली की पुन्हा रिकाम्या हाताने निघायचं, असा तो प्रवास. गंगेची कावड त्यांनी घरी नेली, पैसा मात्र टिकला नाही. पेढीची ओळख असलेल्यांना तेव्हाही निराळी वाट होती. ते काशीच्या सावकाराकडे रक्कम भरत, हुंडणावळ देत, आणि कागद दाखवून दुसऱ्या शहरात पैसे घेत. इथल्या गोपालदास मनोहरदास या पेढीचा पसारा सुरत-मुंबईपर्यंत होता. हा कागद म्हणजे हुंडी. ती हरवली तर तिची दुसरी प्रत, म्हणजे पैठ, आणि तीही गहाळ झाली तर तिसरी, म्हणजे परपैठ, लिहून मिळे. कागद गेला म्हणून पैसा जात नसे, हे मला त्या व्यवस्थेत फार शहाणपणाचं वाटतं. मात्र ती सोय ओळखीच्यांसाठी होती. भटजींसारख्या भिक्षुकाला किंवा आजच्या काकांना त्या पेढीवर कोण उभं करणार होतं?

त्यांच्यासाठी आली ती पोस्टाची मनीऑर्डर, 1880 पासून. कोकणातली कितीतरी घरं मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालली आणि आमच्या या पूर्वांचलातलीही. रत्नागिरीचा आणि आझमगढचा, गिरणीत शेजारी शेजारी उभे राहणारे असे दोघेही महिन्याच्या सुरुवातीला एकाच खिडकीवर जात. अलीकडच्या काळात तिथे तुम्ही 5,000 वर बसलेल्या होतात. पण तो आकडा फॉर्म भरतानाच कळायचा, खिडकीतला कारकूनच सांगायचा, आणि माणूस दोन फॉर्म भरायचा. पोस्टमन ओट्यावर बसून नोटा मोजायचा, शाईच्या गादीवर अंगठा टेकवून घ्यायचा आणि कुपनावरचे चार शब्द वाचून दाखवायचा. आता त्याच पोस्टखात्याची पेमेंट्स बँक 2018 पासून आहे, आणि टाळेबंदीत पोस्टमननी ठसे घेण्याचं तेच छोटं यंत्र घेऊन दारोदार पैसे पोचवले, हे मी या गल्लीत डोळ्यांनी पाहिलं आहे.

दुकानात रोख भरून दुसऱ्याच्या खात्यात पाठवायची सोयही अशीच गरिबाची. बँकेत खातं नसलेल्याने एका वेळी 5,000 आणि महिन्याला 25,000, हे तुमचं रूप 2011 पासूनचं. नोव्हेंबर 2024 पासून पाठवणाऱ्याच्या मोबाइलची पडताळणी आणि दर व्यवहाराला ओटीपी आला. ज्याच्याकडे फोन नाही, त्याचा मार्ग तिथे संपला.

आणि 2016 चा कार्तिक. 8 नोव्हेंबरला नोटा रद्द झाल्या आणि 14 ला कार्तिक पौर्णिमा होती. घर यात्रेकरूंनी भरलेलं, एटीएमवर दिवसाला दोन हजार, पुढे अडीच; बँकेतून आठवड्याला वीस, मग चोवीस हजार. त्या वेळी तुम्ही फार कठोर होतात. तरी तुमचा आकडा रोज सकाळच्या वर्तमानपत्रात छापून येई. माणसं तो वाचून घराबाहेर पडत, रांगेत कुणी उभं राहायचं हे आपसांत वाटून घेत, नावाड्याला “दोन दिवसांनी देतो” सांगत आणि तो “दे देना” म्हणे.

त्याच आधारावर हे मागणं. तुम्ही किती असावं ते रिझर्व्ह बँकेने आणि ज्या त्या बँकेने ठरवावं. पण तुम्ही आधी बोला. प्रत्येक जनसेवा केंद्राच्या दारावर, प्रत्येक एटीएमच्या काचेवर ठळक अक्षरांत लिहा : अंगठ्याने किती, क्यूआरने किती, दिवसातून किती वेळा. काशीत देशभरातून माणसं येतात, तेव्हा हिंदीबरोबर मराठी, तेलुगू, तमिळ, बंगालीतही लिहा. खातेदाराची बँक दिवसाला एकदाच देते हे यंत्राला शेवटी कळतं, तर बोट ठेवायच्या आधी कळवायला काय हरकत आहे? आपल्या जिल्हा बँकांनी कार्ड देतानाच एक चिठ्ठी द्यावी, की जिल्ह्याबाहेर गेलात आणि हे हरवलं तर अमुक मार्ग आहेत आणि त्यांच्या अमुक मर्यादा आहेत. खर्च एका कागदाचा.

आणखी एक विनंती करते. रुग्णालय आणि शिक्षणाच्या रकमेसाठी यूपीआयची मर्यादा 1 लाखावरून 5 लाख केली, तेव्हा तुम्हालाही माणसाची निकड कळते हे सिद्ध झालं. इथे आई-वडिलांना शेवटच्या दिवसांत घेऊन येणारे असतात, यात्रेत अचानक कुणी गेलं तर लाकडांपासून गावाकडच्या गाडीपर्यंत सगळं रोखीने करणारे असतात. त्यांच्यासाठी एखाद्या बँक अधिकाऱ्याने समोर बसवून, ओळख पटवून, गावच्या शाखेला फोन लावून दुप्पट-तिप्पट रोकड देता येईल असा एक मार्ग ठेवा. चोर अधिकाऱ्यासमोर येऊन बसत नाही.

तोवर आम्ही आमच्यापुरतं केलं आहे. दाराशी चपला काढायच्या जागेवर, सगळ्यांची नजर जाईल असा कागद लावला आहे : तुमचे सगळे आकडे, मोबाइल आणि कार्ड वेगवेगळ्या खिशात ठेवा, घरी एका माणसाला फोन उचलायला सांगून या. आकडा बदललात तर कृपा करून आम्हाला लगेच कळवा, म्हणजे कागद त्याच दिवशी बदलता येईल. पौषात मोठी मंडळी यायची आहेत.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
ब्रह्माघाटावरची एक यजमानीण