दिव्याखालचा अंधार

दिव्याखाली अंधार असतो, असं आपले पूर्वज सांगून गेले. पण तो नेमका किती असतो, हे काही त्यांनी सांगितलं नाही. मी मोजला आहे. दोन बोटं!

१९८६ साली मी एका नगरपालिकेत नवाकोरा ओव्हरसियर होतो. गावच्या चौकात १६ मीटर उंचीचा लोखंडी दिव्याचा खांब उभा राहायचा होता. पाया माझ्याकडे आला. काँक्रीटमध्ये आठ बोल्ट उभे गाडायचे आणि त्यांवर खांबाची बेसप्लेट बसवायची. प्लेटला भोकंही आठच. लग्नाला ३६ पैकी १८ गुण जुळले तरी चालतं. इथे आठांपैकी आठ!

म्हणून मिस्त्रींनी तशाच आठ भोकांची फळी बोल्टांवर अडकवून काँक्रीट ओतलं. "साहेब, घट्ट होईस्तवर हिला हात लावू नका," असं बजावून ते घरी गेले. तेवढ्यात मोठ्या साहेबांची जीप आली. साहेबांना चिखलात उभं कसं करायचं? मी फळी काढून त्यांच्या पायाखाली घातली. साहेब खूश! बोल्टाला बूट टेकवून त्यांनी फोटोसुद्धा काढून घेतला.

पंधरवड्याने खांब आला. सहा बोल्ट भोकात शिरले, दोन रुसले. उद्घाटन चार दिवसांवर. कंत्राटदार म्हणाला, "त्यात काय एवढं? गॅसने भोकं वाढवू, नाहीतर बोल्ट तापवून वाकवू. वर वॉशर पडला की कुणाला दिसतंय?"

मी हो म्हणणारच होतो. मिस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाले, "साहेब, खांब वजनानं पडत न्हाई. वारा त्याला ढकलतो, तवा एका अंगाचे बोल्टच त्याला वढून धरत्यात. खाली भाजीवाल्या बसत्यात, एवढंच सांगतो."

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. सकाळी साहेबांना फळीची कथा सांगितली. साहेबांनी बराच वेळ स्वतःच्या बुटांकडे पाहिलं आणि म्हणाले, "पाया फोडा." उद्घाटन पुढे गेलं. माझी पगारवाढही.

नव्या पायावर खालच्या नटांच्या आधाराने खांब उभा केला, दोन बाजूंनी ओळंबा धरून सरळ केला. प्लेटखाली उरली दोन बोटं फट. मी म्हटलं, सिमेंट-वाळू भरू. "ती सुकली की आकसती," मिस्त्री म्हणाले. म्हणजे महिनाअखेरच्या पगारासारखी! तिथे न आकसणारं ग्राउट लागतं. तेही एकाच अंगाने ओतायचं, पलीकडून बाहेर दिसेपर्यंत. चहूकडून ओतलं की मधे हवा कोंडते आणि आत पोकळी राहते. बाहेरून मात्र सगळं कसं गुळगुळीत! माणसांतही हा प्रकार आढळतो.

आता कुठलाही उंच खांब दिसला की लोक वर दिव्यांकडे बघतात आणि मी खाली वाकतो. बायको विचारते, "काही पडलंय का?"

"नाही," मी म्हणतो, "पडू नये म्हणूनच बघतोय."