पाणचक्कीपाशी

पडद्यावर अंडाशयाच्या कडेनं काळे ठिपके, माळेत ओवल्यासारखे. "गाठी नाहीत या. अर्धवट वाढून थांबलेली बीजं आहेत," डॉक्टर म्हणाल्या. पाळी लांबते म्हणजे मूल होणारच नाही, असं नाही. आधी साखर, थायरॉइड तपासायचं. वजन पाच टक्के उतरलं तरी पाळीत फरक पडू शकतो. फॉलिक ॲसिड मात्र आजपासूनच, रोज 400 मायक्रोग्रॅम. पुढे गरज पडलीच तर बीज पिकवणारी गोळी, लेट्रोझोल.

परतताना पाणचक्कीपाशी रिक्षा सोडली. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून, कुणालाही न दिसता, इथवर आणलेलं. हौदाच्या काठावर बराच वेळ बसले. थांबलेली, हा शब्द मनातून जाईना. आईचा फोन वाजला. उचलला नाही. फाइल मांडीवर तशीच होती.