उरेब घडी आणि वणेचं पात्र

मैत्रिणींनो, लेकीनं भूमितीचं पुस्तक उघडलं की तुम्हीही माझ्यासारख्या स्वयंपाकघरात सटकता का? खरं सांगा हं! आठवीत असताना फळ्यापुढं माझं गणित चुकलं आणि “हिला पोळ्याच तर लाटायच्यात” हे मी सगळ्या वर्गासमोर ऐकलं. तेव्हापासून गणिताचं नाव टाकलं. लग्नानंतर दुधाचा हिशेबसुद्धा ह्यांच्याकडे.

दिवाळीनंतर लेक म्हणाली, “आई, एक बाजू अन् दोन कोन देतात. उरलेली बाजू कशी काढायची? मला नाही जमत.” हे म्हणाले, “राहू दे, पास होण्यापुरतं कर.” माझ्या पोटात कालवलं.

आमच्या हिंगणघाटात विल्यम लॅम्ब्टनची कबर आहे. हिंदुस्थान मोजायला निघालेला हा इंग्रज जानेवारी १८२३ मध्ये इथंच वारला. १८०२ साली मद्रासजवळ त्यानं शंभर फुटी साखळीनं सुमारे साडेसात मैलांची एक रेघ मोजली. ती झाली पहिली बाजू. मग तिच्या दोन्ही टोकांवरून लांबची एकच खूण दुर्बिणीतून बघायची, कोन मोजायचे आणि उरलेल्या बाजू कागदावर काढायच्या. त्यातलीच एक बाजू पुढच्या त्रिकोणाला घ्यायची. विणताना आपण टाक्यातून टाका काढतो ना, तसं! ह्याच रीतीनं त्याच्यामागून आलेल्यांनी हिमालयाची शिखरं मोजली.

त्याचं कोन मोजायचं यंत्र अर्ध्या टनाचं होतं म्हणे. आमच्याजवळ रुमाल होता.

रविवारी दोघी वणा नदीवर गेलो. पलीकडच्या काठावर एक बाभूळ होती. तिच्या बरोबर समोर काठी रोवली. चौकोनी रुमाल पुठ्ठ्यावर ताणला, एक कड काठाला धरली, दुसरी नेमकी बाभळीकडे. हा काटकोन. मग रुमालाची उरेब घडी घातली (ब्लाउजची पट्टी कापताना घालतो तीच!) आणि काठाकाठानं चालत निघाले. तिरपी कड बाभळीवर आली तिथं थांबले. हा कोन अर्ध्या काटकोनाचा, म्हणजे तिसराही तेवढाच. दोन कोन सारखे, तर समोरच्या बाजू सारख्या. काठीपासून माझी पावलं भरली ५२. पाऊल दीड फुटाचं, तेव्हा बाभूळ ७८ फुटांवर. पाण्यात पाय न घालता!

“आई, तुला येतं की!” लेक म्हणाली. मला काय बोलावं सुचेना.

आमचा कोन सोयीचा होता, हे कबूल. दुसरा असला की कोष्टक बघावं लागतं. ते आता लेक मला शिकवते आहे, आणि फार रागावते बाई!

त्या रात्री मी ह्यांच्याकडून दूधवाल्याचं कार्ड मागून घेतलं. महिन्याच्या हिशेबात दोन लिटर जास्तीचे निघाले.