यंत्र कोणाचं?

खोपोलीचं वीजघर 1915 साली सुरू झालं. लोणावळ्याकडच्या धरणांचं पाणी मोठमोठ्या नळांतून घाटाखाली आणायचं, त्यावर वीज तयार करायची आणि तारांवरून मुंबईच्या कापड गिरण्यांना पुरवायची, अशी ती टाटांची योजना. मुलांना मी सांगायचे, चाक फिरतं आपल्या खालापूर तालुक्यात आणि चाती फिरते तिकडे परळला!

हा धडा इतक्या वर्षांनी उपयोगी पडला तो नातवाचा उद्योग समजून घ्यायला. त्याचा कॉम्प्युटर आतल्या खोलीत. मामाने दिलेला निन्टेंडोचा स्विच मात्र हातात मावणारा. कॉम्प्युटरवरचे गेम त्याला या स्विचवर खेळायचे होते. दोन्ही वेगवेगळ्या घराण्यांतले, एकमेकांचे स्पर्धक.

"आजी, गेम आतच चालतो गं. बाहेर फक्त चित्र येतं," तो म्हणाला. म्हणजे खोपोलीच की! कॉम्प्युटर राबतो, सेकंदाला साठ चित्रं तयार करतो, ती आकसून वायफायवरून पाठवतो. इथे दाबलेलं बटण त्याच वाटेने परत जातं. एका चित्राच्या वाट्याला जेमतेम 17 मिलिसेकंद. उशीर झाला तर उडी चुकलीच.

यासाठी मूनलाइट नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. अमेरिकेतल्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी ते सुरू केलं. ते मूळ एनव्हिडिया कंपनीच्या सोयीवर चालायचं. 2023 मध्ये कंपनीने आपल्या शील्ड यंत्रांवरची ती सोय काढून घेतली, पण तोवर सनशाइन नावाचं दुसरं मुक्त सॉफ्टवेअर तयार होतं. चंद्राला सूर्याचा उजेड! नाव ठेवणाऱ्याला दाद द्यायला हवी.

अडचण पुढेच आहे. स्विचच्या अधिकृत दुकानात मूनलाइट मिळत नाही. यंत्राला झेपत नाही म्हणावं, तर तसंही नाही. 2018 मध्ये जपानात 'असॅसिन्स क्रीड ओडिसी' हा मोठा गेम स्विचवर दूरच्या सर्व्हरवरूनच आला होता. त्याच वर्षी ॲपलने व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम लिंक हे अशाच कामाचं ॲप आपल्या दुकानात घेतलं नाही. व्यवसायाच्या हितसंबंधांचं कारण दिल्याचं व्हॉल्व्हने सांगितलं. ते आलं 2019 मध्ये. म्हणजे भिंत तंत्राची नाही, मालकीची आहे.

काही जण स्विचमध्ये फेरफार करून मूनलाइट घालतात. पण असं यंत्र कंपनी आपल्या ऑनलाइन सेवेतून कायमचं बाहेर काढू शकते. यावरून घरात बापलेकांची चांगलीच जुंपली. नातू म्हणतो, "पैसे मोजलेत, मग यंत्र आपलं." मुलगा म्हणतो, "अटी मान्य करूनच सुरू केलंस ना?"

मंडळी, मला दोघांचंही पटलं. आपण पाटा विकत घेतला, तर त्यावर कोणाच्या दुकानातलं खोबरं वाटायचं हे पाथरवट सांगत नाही. खोपोलीची वीजही गिरणीचा मालक कोण हे विचारत नव्हती. स्वतः विकत घेतलेला गेम स्वतःच्या दुसऱ्या यंत्रावर पाहणं ही चोरी कशी? पण त्याच फेरफाराच्या वाटेने चोरीचे गेमही आत येतात, हेही खरं. गेम करणाऱ्यांची मेहनत असते, तीही पोटासाठीच. तरीही मला वाटतं, चोराला अडवायचं म्हणून घरधन्यालाच दाराबाहेर ठेवणं बरं नव्हे.

शेवटी मी एकच विचारलं, "अरे, तुला हवं काय आहे? स्विचवर खेळायचंय की बाहेर बसून खेळायचंय?" तो जरा थांबला. म्हणाला, "आत एकट्याला कंटाळा येतो गं."

मग त्याने मूनलाइट जुन्या अँड्रॉइड मोबाईलवर घातलं. तिथे ते अधिकृत दुकानातच मिळतं. मामाची भेट जशीच्या तशी राहिली.

आता तो ओटीवर माझ्याशेजारी बसून खेळतो. वीज गेली की मोबाईल चालू राहतो, पण आतला कॉम्प्युटर बंद पडतो आणि चित्र जातं. मग आम्ही गप्पा मारतो. यंत्र कोणाचं, हा वाद अजून मिटलेला नाही. मिटण्याची मला घाईही नाही.