परतविलेला अर्क

स्वतःच्या उपयोगापुरते मद्य घरी गाळण्यावरील निर्बंध न्यूझीलंडने १९९६ साली उठविला. विक्रीस मात्र तेथे आजही परवाना लागतो. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याच्या अमलात ज्याचे बालपण गेले, आणि भट्टी म्हटली की फौजदारीच आठवावी असे ज्याचे संस्कार, त्या मला ऑकलंडच्या दुकानात तांब्यापोलादाचे स्तंभ राजरोस मांडलेले पाहून जे कुतूहल वाटले, त्याचे पुढे व्यासंगात रूपांतर झाले.

साधी भट्टी, मग ती गोव्यातील फेणीची असो वा स्कॉटलंडातील व्हिस्कीची, एका खेपेत वाफ एकदाच उठविते व एकदाच थंड करते. मद्यार्क ७८.४ अंशांवर उकळतो, पाणी १०० अंशांवर. म्हणून शेकडा दहा मद्यार्काचे आंबवण उकळू लागले की पहिल्या वाफेत त्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास जाते. याहून निर्मळ अर्क हवा असल्यास तोच पुनःपुन्हा गाळावा लागतो. हे सारे फेरे रिफ्लक्स स्तंभ एकाच उभ्या नळीत, एकाच वेळी घडवितो. नळीत तांब्याची जाळी दाटून भरलेली असते, माथ्यावर थंड पाण्याचा संघनक असतो, आणि तेथे द्रवरूप झालेल्या अर्काचा बहुतांश भाग बाहेर न काढता पुन्हा खाली सोडला जातो. उतरणारा द्रव आणि चढणारी वाफ जाळीच्या तारातारांवर एकमेकांस भेटतात. वाफेतील पाणी द्रवात उतरते, आणि ते उतरताना जी उष्णता सोडते तिच्याच बळावर द्रवातील मद्यार्क पुन्हा वाफ होऊन वर निघतो. शुद्धीचे सारे श्रेय या परत पाठविलेल्या अर्काचे आहे, असे माझे ठाम मत आहे. आच वाढवून ती साधत नाही, उलट वाफेचा जोर फार झाला तर द्रवाला खाली उतरायला वाटच उरत नाही, स्तंभ तुंबतो आणि आतून गुरगुरू लागतो.

१८३० च्या सुमारास सतत चालणाऱ्या स्तंभाचे पेटंट घेणारा इनियस कॉफी हा आयर्लंडच्या अबकारी खात्यातील बडा अंमलदार होता. ज्याने उमेदीची वर्षे भट्ट्यांवर सरकारी पाळत ठेवण्यात घालविली, त्यानेच मद्य गाळण्याच्या उद्योगाचे रूप पालटावे, याचे मला फार अप्रूप वाटते.

घरचा स्तंभ मात्र खेपेखेपेने चालतो. आरंभी बाहेर काहीच काढू नये. सारा अर्क परतवीत राहावे, म्हणजे ॲसिटोनासारखी हलकी, उग्र द्रव्ये माथ्याशी गोळा होतात, ती सावकाश काढून टाकावी. वाफेची वाट कोठेही बंद होऊ देऊ नये, आणि जवळपास उघडी ज्योत नसावी. यात सवलत नाही. पुढे पाच भागांतील चार परतवून एक घेतला, तर माथ्यावरचा तापमापक ७८ अंशांच्या किंचित वर स्थिरावतो. वजनाने ९५.६ टक्क्यांपाशी मद्यार्क व पाणी यांची वाफ आणि द्रव एकरूप होतात, त्यापलीकडे असा घरगुती स्तंभ नेऊ शकत नाही. पारा अंशाच्या काही दशांशांनी चढला की पाणी वर पोहोचू लागले असे समजून धार आणखी बारीक करावी.

एवढ्या निर्मळ अर्कात फळाचा गंध बहुधा राहत नाही. म्हणून आलुबुखारा किंवा पेअर गाळायचा असेल, तेव्हा मी जाळी काढून ठेवतो.