मागे पायडल मारू नये

ती मूळची हिरवी असावी. मागच्या मडगार्डच्या आतल्या बाजूला, जिथे ऊनही पोचत नाही आणि मालकाचा ब्रशही, तिथे तो हिरवा अजून शिल्लक आहे. बाहेरून काळी. कुणीतरी डबा आणून घरीच रंगवलेली, त्यामुळे नळीवर ओघळ सुकलेले दिसतात. मधला दांडा खाली उतरलेला, म्हणजे आपल्याकडची लेडीज सायकल. पण इथे ब्रेमेनमध्ये सत्तरीचे आजोबाही अशीच चालवतात आणि कुणी वळून पाहत नाही. हँडल मागे वळलेलं असल्याने बसणाऱ्याची पाठ आपोआप ताठ होते. पोक काढून दामटायची सोय तिच्यात नाही. घंटी तेवढी नवी आणि मोठ्या तोंडाची.

तिचं चरित्र स्टिकरांवरून वाचावं लागतं. सर्वांत वर वेर्डर ब्रेमेन या फुटबॉल क्लबचा हिरवा-पांढरा शिक्का. त्याच्या खाली अणुऊर्जेला नको म्हणणारा हसरा सूर्य. (तो सूर्य जिंकलाही. 2023 च्या एप्रिलमध्ये जर्मनीतल्या वीज बनवणाऱ्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या. स्टिकर मात्र नखाने खरवडून निघत नाही.) चेनकव्हरवर अर्धवट फाटलेली फारसी अक्षरं आहेत, आणि कॅरिअरखाली, चिखल उडणार नाही अशा बेताने, गणपती. तो नाशिकच्या ताईने चिकटवलेला. ताई पदवी घेऊन म्युनिकला नोकरीला गेली, जाताना सायकल मला विकली. "चेन कधीकधी पडते, तेवढं सांभाळ," म्हणाली. "आणि मागे पायडल मारू नकोस."

दुसरी सूचना मला कळलीच नव्हती. आपल्याकडे सिग्नलला थांबलं की पाय रिकामा राहत नाही. पायडल उलटं फिरवून, चेनची करकर ऐकत, निघायच्या तयारीत ते वर आणून ठेवायचं, ही सवय पुण्यात प्रत्येकाला असते. हिला ते खपत नाही. हिचा मागचा ब्रेक पायडलमध्येच आहे. उलटं पाऊल टाकलं की चाक जागच्या जागी धरलं जातं. एर्न्स्ट झाक्स नावाच्या श्वाइनफुर्टच्या माणसाने 1903 मध्ये चाकाचा असा तुंबा बाजारात आणला, त्याला टॉर्पेडो असं दणदणीत नाव दिलं, आणि तेव्हापासून जर्मन पोरं चालत्या सायकलवर पाय मागे नेतात ते थांबायचं असेल तेव्हाच. रस्त्यावर निवांतपणे पाय उलटे फिरवणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याचं काय होतं, हे पहिल्या आठवड्यात ज्याने त्याने स्वतः पाहून घ्यावं. चेन पडली तर हा ब्रेक मेला, म्हणून पुढच्या चाकाला हाताचा वेगळा ब्रेक आहे. एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक हवेत, असा इथला कायदाच आहे.

कायद्याचं म्हणाल तर ती त्या बाबतीत सोवळी आहे. पुढे पांढरा दिवा, मागे लाल, चाकांत आणि पायडलांवर चमकपट्ट्या. दिव्याविना सापडलात तर वीस युरो. हातात फोन धरून चालवली तर पंचावन्न. लाल सिग्नल तोडला तर किमान साठ, शिवाय वाहतूक खात्याच्या दप्तरात एक गुण, आणि तो गुण परीक्षेतला नव्हे. डबलसीटलाही मनाई. तिच्या कॅरिअरवर बसून पार्टीहून परतायचा विचार मैत्रिणीने एकदा बोलून दाखवला, तेव्हा मी तिला सरळ ट्रामचा थांबा दाखवला. गंमत म्हणजे दिवा नाही म्हणून पकडणं, डबलसीट दिसली की शिट्टी मारणं, डायनामो टायरला टेकवला की पाय जड होणं, हे सगळं माझ्या आजोबांच्या गोष्टींत आहे. त्या गोष्टी पुण्याच्या, सायकलींचं शहर म्हणून पुणं मिरवायचं त्या काळातल्या. पुण्याच्या औंधमध्ये ब्रेमेन चौकही आहे, कारण या दोन शहरांची जुनी मैत्री आहे. ब्रेमेनमध्ये आजही लोकांच्या एकूण फेऱ्यांपैकी साधारण चौथा हिस्सा सायकलवर होतो. औंधच्या ब्रेमेन चौकात संध्याकाळी सहा वाजता सायकल घालून दाखवणाऱ्याला मी माझ्या खर्चाने कॉफी पाजीन.

नवी आलेली मुलं विचारतात, सेमिस्टरच्या फीमध्येच बस-ट्रामचा पास येतो, तर ही ब्याद कशाला? प्रश्न रास्त आहे. सहा नंबरची ट्राम विद्यापीठाच्या दारात सोडते. पण वर्षाला 140 पूर्ण किंवा 280 अर्धे दिवस काम करायची मुभा आम्हाला असते, आणि ते अर्धे दिवस नेमके अशा वेळी येतात जेव्हा ट्राम झोपलेली असते. रविवारी इथे दुकानं बंद, पण पावाची दुकानं सकाळी काही तास उघडतात. त्या उघडण्याच्या कितीतरी आधी कुणीतरी जाऊन ट्रे लावायचे असतात. ते कुणीतरी म्हणजे बहुतेक वेळा एखादी विद्यार्थिनी, आणि तिला तिथे वेळेवर पोचवणारी ही. तेव्हा रस्त्यावर शनिवारची पार्टी संपवून परतणारे लोक आणि मी, इतकेच असतो. ते "मोइन" म्हणतात, मीही "मोइन" म्हणते. उत्तर जर्मनीत हा नमस्कार चोवीस तास चालतो.

स्टेशनपासून विद्यापीठाकडे जायचं तर बुर्गरपार्कमधून. हा प्रचंड बगीचा नागरिकांच्या संस्थेने 1866 पासून स्वतःच्या हिमतीवर चालवला आहे. 1953 पासून त्यासाठी दरवर्षी लॉटरीची तिकिटंही विकतात. झाडांमधून बाहेर पडलं की विद्यापीठाचा 146 मीटर उंच पतन-मनोरा दिसतो. त्यात वस्तू वरून सोडली की तिला पावणेपाच सेकंद वजन नसतं. आमच्या सायकलीला ते सुख नाही. ब्रेमेन सपाट आहे, चढ शोधून सापडत नाही, पण चढाचं काम इथे वारा करतो. तो जातानाही समोरून येतो आणि येतानाही. नोव्हेंबरात पावसासह येतो, तेव्हा तिसऱ्या गियरमधून पहिल्यात यावं लागतं, आणि गियर बदलताना पाय क्षणभर थांबवावे लागतात. घाईत जोर लावून बदलू गेलं तर ती नुसती खट्ट आवाज करते, गियर बदलत नाही. डिसेंबरात दुपारी चारनंतर थोड्याच वेळात सूर्य मावळतो आणि साडेतीनचं लेक्चर संपून बाहेर यावं तर मिट्ट काळोख. सीटवर दव किंवा बर्फाची साय. म्हणून प्रत्येकाच्या बॅगेत एक प्लास्टिकची पिशवी असते, सीटला घालायची टोपी.

माया मात्र तिच्यापाशी नाही. सदाशिव पेठेतल्या जुन्या खाणावळीच्या मालकिणीसारखी ती आहे: येईल त्याला घेते, कुणाला जादा वाढत नाही, आणि नियम मोडला की ताट उचलते. पण ओझ्याला ती कधी नाही म्हणाली नाही. दहा किलोची बासमतीची गोणी, तुर्की दुकानातले कांदे, हँडलला लटकवलेल्या रिकाम्या बाटल्या. बाटल्या अनामतीच्या, यंत्रात परत टाकल्या की प्लास्टिकच्या बहुतेकींचे पंचवीस-पंचवीस सेंट मिळतात आणि तेवढ्यावर कोथिंबिरीची जुडी सुटते. भाड्याची खोली बदलली तेव्हा गादी सोडून माझा सगळा संसार तिच्यावरून गेला. आईला व्हिडिओवर दाखवलं तर ती गोणीकडे न बघता म्हणाली, "हेल्मेट कुठाय?" हेल्मेटची इथे सक्ती नाही, हे आईला सांगायचं नसतं.

दुरुस्तीची गोष्ट वेगळी. दुकानात ट्यूब बदलायला दिली तर मजुरीसकट जो आकडा होतो, तो ऐकून कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्या काकांची आठवण येते. म्हणून विद्यार्थ्यांच्या कार्यशाळेत जायचं. तिथे हत्यारं मिळतात, सल्ला मिळतो, पण नट आपणच फिरवायचा. तिथल्या मुलाने तिला उलटी करून चाक फिरवलं, कान लावला आणि छर्रे बदलायला हवेत म्हणाला. मग मला पाना दिला आणि कॉफी प्यायला निघून गेला. इंजिनिअरिंगची पदवी पुण्याहून घेऊन आलेल्या मुलीच्या नखात पहिल्यांदा ग्रीस गेलं ते तिथे.

चोरी हा तिच्या आयुष्यातला कायमचा विषय. स्टेशनबाहेर कठड्यांना बांधलेले सांगाडे दिसतात. पुढचं चाक गेलेलं, सीट गेलेली, कुलूप तेवढं शाबूत. म्हणून कुलूप चांगलं घ्यावं, हे इथलं पहिलं शहाणपण. माझं सायकलीपेक्षा महाग पडलं. तिला त्याचा काही अभिमान नसावा, पण मला आहे.

माझा प्रबंध संपला आणि नोकरी मिळाली श्टुटगार्टला. ते वाडग्यासारखं खोलगट शहर, सगळीकडे चढच चढ, आणि हिच्यापाशी गियर तीनच. मराठी मुलांच्या ग्रुपवर फोटो टाकला. दहा मिनिटांत कोल्हापूरच्या एका मुलाचा निरोप आला, नुकताच उतरलेला, अजून पत्त्याची नोंदणीही व्हायची होती. बघायला आला. टायर दाबला, घंटी वाजवली, गणपती बघून खूश झाला.

"ताई, फायनल किती?"

"पन्नास."

"चाळीसला जमवा की."

"जमवलं. ने."

त्याने लगेच हँडल धरलं आणि कुलपाकडे हात केला.

"ते पंचेचाळीसला आहे," मी म्हटलं.